महात्मा जोतीराव फुले आणि अमेरिकेतील गुलाम



२८ नोव्हेंबर ही महात्मा जोतीराव फुले यांची पुण्यतिथी. त्यांचे नाव आपण सर्वजण आदराने घेतो. पण दूर अमेरिकेतील काळ्या गुलामांशी त्यांनी जोडलेले नाते फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याविषयी आज आम्ही थोडे सांगणार आहोत.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली एका माळी कुटुंबात झाला. पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत ते शिकले. १८४८ साली ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी अहमदनगरला फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकांचा रोष एवढा झाला की १८४९ साली पतीपत्नीला वडिलांचे घर सोडावे लागले. तरी पुढे त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि १८७० साली काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. त्याच काळात, १८७३ साली, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तसेच झटावे, ही त्यांची तळमळ होती. त्याच वर्षी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.

पण नुसत्या कायद्याने माणूस मोकळा होत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात १८७७ नंतर काळ्या लोकांचे हक्क पुन्हा हिरावले गेले. आपल्याकडेही अज्ञान हीच मोठी बेडी आहे, हे जोतीरावांनी ओळखले होते. म्हणून १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत; पण प्रभू येशूविषयी त्यांच्या मनात आदर होता. १८९० साली ते वारले.

आपल्या बीड जिल्ह्यातून आजही दरवर्षी कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुलांची शाळा सुटते. अशा एका मुलाला तरी आपल्या घरी ठेवून घेता येईल का? आणि आपल्या घरातला पाण्याचा माठ खरोखर सर्वांना खुला आहे का? या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने यावर विचार करावा, अशी आमची विनंती आहे.