हाफकिन आणि लशीचा हिशेब

बुधवारी आमच्या रुग्णालयात लसीकरणाला गर्दी असते. मागच्या आठवड्यात एक आई दीड वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन आली. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर द्यायचा होता, पण ती दारातच घुटमळत होती. आधीच्या एका लशीनंतर पोरीला दोन दिवस ताप आला होता. नवरा-बायको दोघेही द्राक्षबागेत मजुरीला, दोघांचाही खाडा पडला. शेजारच्या मुलाने एकही लस घेतलेली नाही आणि तो ठणठणीत आहे. मग पुन्हा ताप कशाला विकत घ्यायचा, असे तिने विचारले.

तरुणपणी मी अशा आयांना रागवायचे. आता रागवत नाही. तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, हिशेबाचा आहे. फक्त त्या हिशेबाची एक बाजू तिला दिसत नाही. अशा वेळी मला हाफकिन आठवतात. परळच्या संस्थेमुळे आणि पोलिओच्या लशीमुळे हे नाव आपल्या तोंडी आहे, पण त्यामागचा माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी सुरुवातीला ग्रंथालयात काम केले आणि तिथेच कॉलऱ्याची लस तयार केली. १८९२ साली ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले आणि गावोगावी हिंडून हजारो लोकांना त्यांनी ही लस दिली.

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत प्लेग आला. सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, मग उष्णता देऊन ते मारले. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना दिलेल्या मात्रेपेक्षा ही मात्रा बरीच मोठी होती. त्यांना सणकून ताप भरला, पण ते कामावर परतले.

या लशीने ताप यायचा, दंड सुजायचा, एक-दोन दिवस अंथरूण धरावे लागायचे. हातावर पोट असलेल्याला ते परवडत नव्हते. त्यात अफवांचा सुकाळ. म्हणजे आमच्या दारात घुटमळणारी आई तेव्हाही होतीच.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात प्लेग शिरला होता. या संस्थानचे राजे सयाजीराव गायकवाड म्हणजे आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. हाफकिन तिथे गेले आणि त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. पुरुष, बायका, मुले दोन्ही बाजूंना सारखी येतील असे पाहिले. आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही आणि बसूही नये. सहा आठवड्यांनी त्यांनी प्लेग झालेल्या २८ घरांची मोजदाद केली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. त्याच घरांतल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. चूल एक, उंदीर तेच, फरक फक्त सुईचा.

१८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. त्याच वर्षी आपल्या भगूरमध्ये सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत प्लेगने गेले. घरोघरी हीच कथा होती.

मग ३० ऑक्टोबर १९०२ उजाडला. पंजाबातल्या मुलकोवाल गावात त्या दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही गोष्ट ठामपणे पुढे यायला वेळ लागला. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. ते कलकत्त्याला परतले, पण पूर्वीचे काम त्यांना परत मिळाले नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

मुलकोवालचे १९ मृत्यू खरे होते आणि ते झाकून चालणार नाही. पण त्यानंतर पंजाबातली मोठी लसीकरण मोहीम कोलमडली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथे प्लेगने लाखो माणसे नेली. त्यांतली किती लशीने वाचली असती, हे नेमके कोणी सांगू शकत नाही. लशीने झालेली इजा नावानिशी दिसते. लशीने टळलेला मृत्यू दिसत नाही. हिशेब चुकतो तो इथे.

मी त्या आईला दोन्ही बाजू सांगितल्या. त्रिगुणीने एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. गोवराच्या लशीचा ताप आठवड्याभराने येतो आणि आपोआप उतरतो. जीवघेणी अ‍ॅलर्जी साधारण दहा लाखांत एखाद्याला होते. त्यासाठीच अर्धा तास थांबवून घेतो. दुसऱ्या पारड्यात गोवर आहे: न्यूमोनिया, मेंदूची सूज, कुपोषण. २०२२ मध्ये मालेगावात गोवराची साथ आली होती, ते तिने ऐकले होते. शेजारचा मुलगा ठणठणीत आहे, कारण आजूबाजूच्या बहुतेक मुलांनी लस घेतली आहे.

नर्सने तिला कुपी दाखवली. ती उघडल्याची वेळ त्यावर लिहिलेली असते. चार तासांनंतर गोवराची उरलेली लस फेकून देतात. सुई एकदाच वापरता येते. मुलकोवालसारख्या चुकांतूनच हे नियम आले आहेत. ते पाळले जातात का, हे विचारण्याचा प्रत्येक पालकाला हक्क आहे.

तापाचे औषध मुलाच्या वजनानुसार आमच्याकडून लिहून घ्या. ताप दोन दिवसांत उतरला नाही, झटका आला, श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या, तर लगेच दवाखाना गाठा. आणि मनात शंका असेल, तर ती घेऊनच या. घरी बसून केलेल्या हिशेबात एकच पारडे भरते.