ओले-योहान डाल

ओले-योहान डाल (१२ ऑक्टोबर, १९३१ - २९ जून, २००२) हे नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञ होते. क्रिस्टेन नीगार्ड यांच्यासह त्यांनी सिम्युला ही संगणकीय भाषा निर्माण केली. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील क्लास या संकल्पनेचा उगम या भाषेत आहे. प्रोग्रॅमची अचूकता तर्काने सिद्ध करण्याच्या पद्धतींवरही त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले.

जीवन व कार्य

डाल यांचा जन्म नॉर्वेतील मांडाल या किनारी गावी झाला. गणिताचे शिक्षण घेत असतानाच ते संरक्षण संशोधन संस्थेत संगणकावर काम करू लागले. १९६३ साली ते ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात रुजू झाले. तेथे सिम्युला १ आणि सिम्युला ६७ या भाषा आकारास आल्या. १९६८ पासून ते ऑस्लो विद्यापीठात प्राध्यापक होते.

क्लासची तार्किक पडताळणी

चाचणीमुळे चुका सापडतात. मात्र चूक उरलेली नाही, हे चाचणीने सिद्ध होत नाही. १९६९ साली टोनी होर यांनी पूर्वअट व उत्तरअट यांच्या आधारे प्रोग्रॅमची सिद्धता देण्याची पद्धत मांडली. १९७२ साली सिम्युलाच्या क्लासचा आधार घेऊन त्यांनी ती माहितीच्या रचनेलाही लागू केली.

उदाहरणार्थ, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीचा क्लास घेतल्यास, प्रवासीसंख्या शून्याहून कमी किंवा होडीच्या क्षमतेहून अधिक नसणे ही त्याची अचल अट होय. ऑब्जेक्ट निर्माण होताना ही अट खरी असते आणि प्रवासी चढवण्याच्या वा उतरवण्याच्या प्रत्येक क्रियेनंतर ती खरी राहते, एवढे सिद्ध करावे लागते. प्रवासी चढवण्यापूर्वी जागा शिल्लक असणे, ही त्या क्रियेची पूर्वअट. प्रवासीसंख्या बाहेरून थेट बदलता आली, तर ही सिद्धता कोसळते. मूळ सिम्युला ६७ मध्ये असा बदल शक्य होता. माहिती झाकण्याची सोय त्या भाषेत नंतर आली.

डाल यांनी डाइक्स्ट्रा व होर यांच्यासह 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग' (१९७२) हा ग्रंथ लिहिला. पडताळणीविषयीचे त्यांचे विचार 'व्हेरिफाएबल प्रोग्रॅमिंग' (१९९२) या पुस्तकात आहेत.

सन्मान

डाल व नीगार्ड यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार आणि २००२ चे जॉन फॉन नॉयमन पदक देण्यात आले. डाल यांच्या पाठोपाठ ऑगस्ट २००२ मध्ये नीगार्ड यांचेही निधन झाले. २००५ पासून दोघांच्या नावे डाल-नीगार्ड पुरस्कार दिला जातो.