गिरणगावातले जोशी मास्तर

लोअर परळहून भायखळ्याच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर ‘ना. म. जोशी मार्ग’ अशी पाटी आहे. जुने मुंबईकर अजूनही त्याला डिलाईल रोडच म्हणतात. या पाटीखालून रोज हजारो माणसे जातात, पण हे ना. म. जोशी कोण, असा प्रश्न त्यांतल्या किती जणांना पडत असेल? ज्या माणसामुळे या देशातल्या नोकरदाराला संघटना करण्याचा कायदेशीर हक्क मिळाला, तो माणूस मुळात एक साधा शाळामास्तर होता.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातल्या गोरेगावचा. पुण्यात शिकून ते पदवीधर झाले आणि सुमारे आठ वर्षे त्यांनी खासगी व सरकारी शाळांतून मास्तरकी केली. सरकारी शाळेतला मास्तर म्हणजे सरकारचा नोकर. वर बोलायचे नाही आणि बदली होईल तिकडे निमूटपणे जायचे, हा तेव्हाचा रिवाज. १९०९ साली जोशी ती नोकरी सोडून गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तिथे मानधन तुटपुंजे होते आणि काम आयुष्यभराचे.

पण मास्तरकी काही सुटली नाही. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या सुरू केल्या. दिवसभर मागावर उभा राहिलेला कोकणातला, घाटावरचा माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागला. या माणसाला नुसती अक्षरे पुरणार नाहीत, हे जोशींना तिथेच उमगले. सावकाराचे व्याज, फोरमनची चिरीमिरी, गिरणीतले लांबलचक तास या गोष्टी पाटीवर लिहून पुसता येणाऱ्या नव्हत्या.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना नेमले आणि इथूनच त्यांच्या आयुष्यातला पेच सुरू झाला. परक्या सरकारने नेमलेला माणूस कामगारांचा कसा, हा प्रश्न लोकांनी उघड विचारला. त्यात तथ्य होतेच. आपले प्रतिनिधी आपणच निवडावेत यासाठी देशव्यापी संघटना हवी, ही निकड त्यातून वाढली आणि १९२० साली मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. तिच्या संस्थापकांत जोशी होतेच.

त्याच सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या झगड्यात मालकांनी बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हायकोर्टात खेचले. संप घडवणे म्हणजे मालक आणि कामगार यांच्यातला करार मोडायला लावणे, असा मालकांचा दावा होता. कोर्टाने मनाईहुकूम दिला. याचा अर्थ असा, की युनियन काढणारा कुणीही माणूस उद्या नुकसानभरपाईपायी धुळीला मिळू शकत होता. मध्यवर्ती कायदेमंडळात जोशी हेही सरकारनियुक्त सभासद. १९२१ साली त्यांनी तिथे युनियनला संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी मांडली. पुढची पाच वर्षे ते चिकाटीने त्यामागे लागले. अखेर १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. सात जणांनी अर्ज करावा, युनियन नोंदवावी, आणि संपाबद्दल कटाचा खटला वा नुकसानीचा दावा यांपासून तिला संरक्षण मिळावे, ही त्याची मुख्य कलमे. सरकारने दिलेल्या खुर्चीवर बसून मास्तरांनी सरकारकडूनच हे काढून घेतले.

सगळेच साधले असे नाही. १९२४ साली त्यांनी स्त्री-कामगारांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मांडले, ते नामंजूर झाले. तसा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. १९२८च्या गिरणी संपात जोशी आणि कम्युनिस्ट एकाच संयुक्त समितीत बसले. दीड लाखांच्या आसपास कामगार सुमारे सहा महिने बाहेर होते. सरकारने धडा घेतला तो वेगळाच. मार्च १९२९मध्ये देशभरातून तीसेक पुढाऱ्यांना उचलून मीरतला खटला भरला आणि त्याच वर्षी संपावर बंधने घालणारा कायदाही आणला.

अशा वेळी जोशींनी शाही कामगार आयोगाचे सभासदत्व पत्करले होते. नागपूरच्या अधिवेशनात आयोगावर बहिष्काराचा ठराव झाला आणि ते सहकाऱ्यांसह बाहेर पडले. संघटना फुटली. सहकारी तुरुंगात असताना सरकारच्या टेबलाशी बसावे काय, यावर आजही दोन मते होतील. आयोगाच्या शिफारशींतून पुढे १९३६चा वेतन-प्रदान कायदा आला, हे त्यांच्या बाजूने सांगता येते. पण फुटलेली एकी सांधायला पुढची दहा वर्षे गेली, हेही विसरता येत नाही. १९४० साली सगळे पुन्हा एकत्र आले, तेव्हा सरचिटणीसपदासाठी दोन्ही बाजूंना चालले ते जोशीच! त्याच वर्षी त्यांनी भारत सेवक समाज सोडला. १९४८पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले आणि ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

काळाचा विनोद असा, की १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : औद्योगिक कलह कायद्याच्या व्याख्येत शिक्षक हा ‘कामगार’ बसत नाही. शिकवणे हे पवित्र कार्य, ते अंगमेहनतीचे वा कारकुनीचे काम नव्हे, असा त्यामागचा विचार. गोरेगावच्या मास्तरांनी देशभरच्या कामगारांसाठी दार उघडले आणि त्यांची स्वतःची जात मात्र त्यातल्या एका दालनाबाहेर राहिली. १९२६चा तो कायदाही २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत सामावून घेण्यात आला.

आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादी शिक्षिका, एखादा कारकून, एखादा निवृत्त गिरणी कामगार असतोच. पगाराच्या पावतीवर युनियनच्या वर्गणीचे चार रुपये कापलेले पाहून त्याने कधी कपाळाला आठ्या घातल्या असतील. ती वर्गणी राजरोसपणे, तुरुंगाच्या भीतीवाचून देता यावी म्हणून एका मास्तराने आपली पेन्शनची नोकरी सोडली होती. डिलाईल रोडवरून जाताना त्या पाटीकडे एकदा मान वर करून पाहायला काय हरकत आहे?