कर्जातून सोडविलेले संस्थान

तमिळनाडूत कुंभकोणम् शहराजवळ पट्टीश्वरम् नावाचे गाव आहे. तंजावरच्या नायक राजांचे विद्वान मंत्री गोविंद दीक्षित व त्यांच्या पत्नी यांच्या मूर्ती तेथील शिवमंदिरात आहेत. मंत्र्याची मूर्ती देवळात असावी, ही गोष्ट विरळाच. त्याच परिसरात, कुंभकोणम् येथे, २० नोव्हेंबर १८२८ रोजी एका मराठी भाषक देशस्थ ब्राह्मण कुटुंबात माधवरावांचा जन्म झाला. व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापिल्यापासून कावेरीकाठी अनेक मराठी घराणी स्थायिक झाली होती. माधवरावांच्या नावाआधीचे ‘टी’ हे अक्षर तंजावरचेच. त्यांचे वडील रंगराव व चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोर संस्थानची दिवाणगिरी केली होती.

माधवरावांचे शिक्षण मद्रासला झाले. गणितात त्यांची विशेष गती होती. काही काळ हिशेब खात्यात नोकरी केल्यावर १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. पुढे मुलकी कारभारात शिरून ते पेशकाराच्या पदापर्यंत चढले.

त्या वेळी संस्थानची स्थिती मोठी बिकट होती. १८०५ च्या तहाप्रमाणे इंग्रजांना दरवर्षी सुमारे ८ लक्ष रुपये द्यावे लागत. ही रक्कम थकत गेली, नोकरांचे पगार तुंबले, आणि पद्मनाभस्वामी मंदिराच्या भांडारातूनही कर्ज काढण्याची पाळी आली. परक्या सत्तेचे देणे हे सावकाराच्या देण्यासारखे नसते. सावकार फार तर घर जप्त करतो. येथे राज्यच जाण्याचा धोका होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी एकामागून एक संस्थाने खालसा करीत होता. १८५५ मध्ये त्रावणकोरच्या महाराजांनाही कारभार सुधारण्याची कडक ताकीद मिळाली.

१८५७ मध्ये दिवाण कृष्णराव वारले आणि अवघ्या २९ वर्षांच्या माधवरावांकडे दिवाणगिरी आली. तिजोरी भरण्याचा सोपा मार्ग म्हणजे रयतेवर नवे कर बसविणे. माधवराव त्या वाटेने गेले नाहीत. मिऱ्यांचा व्यापार सरकारच्या मक्त्यात होता. शेतकऱ्याने आपले मिरे सरकारलाच, सरकार ठरवील त्या भावाने विकावयाचे, असा नियम होता. साहजिकच चोरटा व्यापार फोफावला होता आणि तो रोखण्यासाठी नेमलेले लोकच लाच खात होते. माधवरावांनी १८६० मध्ये हा मक्ता उठविला व त्याऐवजी निर्यातीवर जकात बसविली. तंबाखूचा मक्ता मात्र मोठ्या उत्पन्नाचा होता. तो सोडणे हे धाडसच होते, आणि मद्रास सरकारचाही त्यासाठी आग्रह होता, हे येथे सांगितले पाहिजे. १८६३ मध्ये तोही संपला. १८६५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन व त्रावणकोर यांच्यात करार होऊन व्यापारावरील बरीचशी जकात उठली. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना तिची पक्की मालकी मिळाली.

खर्चाच्या बाजूने पाहिले, तर त्यांनी नोकरांचे पगार कमी न करता वाढविले. पोट भरेल इतके वेतन न देता प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे त्यांना मान्य नव्हते. कारभाराचा वार्षिक अहवालही प्रसिद्ध होऊ लागला. १८६३ पर्यंत संस्थानचे सारे सार्वजनिक कर्ज फिटले. त्यानंतर रस्ते, कालवे, शाळा व दवाखाने यांसाठी पैसा उपलब्ध झाला.

महाराजांशी मतभेद झाल्याने १८७२ मध्ये ते दिवाणपदावरून दूर झाले. इंदूरला दोन वर्षे काम केल्यावर १८७५ मध्ये त्यांना बडोद्यास बोलावण्यात आले. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले होते, नवे महाराज सयाजीराव अवघे बारा वर्षांचे होते, आणि सराफ व सरदार आपापले दावे घेऊन दाराशी उभे होते. माधवरावांनी हे दावे तपासून निकालात काढले व सात वर्षांत तेथील कारभाराला शिस्त लावली. बालराजासाठी त्यांनी राज्यकारभारावर पाठही दिले.

४ एप्रिल १८९१ रोजी मद्रासमधील मैलापूर येथे त्यांचे निधन झाले. त्रावणकोरचे सचिवालय त्यांच्याच काळात, १८६९ मध्ये, बांधून पूर्ण झाले होते. तिरुवनंतपुरम् शहरात त्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्या पुतळ्यामुळे आसपासच्या भागाला लोक ‘स्टॅच्यू’ याच नावाने ओळखतात.