रक्तविकारांचे गोत्र सांगणारा वैद्य

रक्ताचा कर्करोग म्हटले की ल्युकेमिया हा एकच शब्द आपल्याला आठवतो. त्याच कुळातले, परंतु वर्षानुवर्षे संथपणे चालणारे आणखीही काही विकार आहेत. पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये लाल पेशी अतोनात वाढून रक्त दाट होते. इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियामध्ये प्लेटलेट वाढतात. मायलोफायब्रोसिसमध्ये अस्थिमज्जेत तंतू माजतात, रक्तनिर्मितीचे काम प्लीहेवर पडते आणि ती फुगत जाते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात पांढऱ्या पेशींना धरबंध राहत नाही. हे चारही विकार एकमेकांचे नातलग आहेत, हे ठामपणे मांडणारे वैद्य म्हणजे डॉ. विल्यम डॅमशेक.

डॅमशेक यांचा जन्म १९०० मध्ये रशियातील एका ज्यू कुटुंबात झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२३ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांची कारकीर्द प्रामुख्याने बोस्टनमध्येच बहरली. रक्तशास्त्र ही तेव्हा स्वतंत्र शाखा नव्हती. रक्ताची काचपट्टी पाहणे हे प्रयोगशाळेतल्या माणसाचे काम समजले जाई. डॅमशेक मात्र काचपट्टी आणि रुग्ण दोन्ही स्वतः पाहत. १९४६ मध्ये त्यांनी ‘ब्लड’ हे नियतकालिक सुरू केले आणि अखेरपर्यंत त्याचे संपादकपद सांभाळले. युद्धातील विषारी वायूच्या संशोधनातून पुढे आलेल्या नायट्रोजन मस्टर्डचे रुग्णांवरील परिणाम त्याच वर्षी प्रसिद्ध झाले; त्या अहवालाच्या लेखकांतही ते होते.

१९५१ मध्ये याच नियतकालिकात त्यांनी जेमतेम चार पानांचे संपादकीय लिहिले. त्यात नवा प्रयोग नव्हता, आकडेवारीही नव्हती; शीर्षकातच त्यांनी त्याला तर्क म्हटले होते. पॉलिसायथेमियाच्या रुग्णाला काही वर्षांनी मायलोफायब्रोसिस होतो, कुणाचे प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी एकदमच वाढतात, हे अनेकांनी पाहिले होते. पुस्तकांत मात्र प्रत्येक विकाराचे प्रकरण वेगळे असे. डॅमशेक यांचे म्हणणे असे, की बिघाड एका प्रकारच्या पेशीचा नसून सबंध मज्जेचा आहे, आणि कोणत्या पेशी अधिक वाढतात यावरून फक्त नाव बदलते. या गटाला त्यांनी मायलोप्रोलिफरेटिव्ह, म्हणजे मज्जापेशींच्या अतिवाढीचे, असे नाव दिले.

हा तर्क सर्वच बाबतींत खरा ठरला नाही. मज्जेला डिवचणारा एखादा अज्ञात घटक, बहुधा संप्रेरक, यामागे असावा असे त्यांना वाटे. तसे संप्रेरक सापडले नाही. एरिथ्रोल्युकेमियाही त्यांनी याच गटात घातला होता. तो पुढे तीव्र ल्युकेमियांत गेला. पण गाभा टिकला. १९६० मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात फिलाडेल्फिया गुणसूत्र सापडले, तेव्हा डॅमशेक हयात होते. उरलेल्या तिघांचे नाते उलगडायला मात्र २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी चार निरनिराळ्या संशोधकगटांना जॅक-२ या जनुकातील एकच बदल आढळला. तो पॉलिसायथेमियाच्या सुमारे ९५ टक्के, तर इतर दोन विकारांच्या साधारण निम्म्या रुग्णांत असतो.

डॅमशेक यांचे आणखी एक काम सामान्य वाचकाला अधिक जवळचे वाटेल. १९५९ मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट श्वार्ट्झ यांनी दाखवून दिले, की ६-मरकॅप्टोप्युरिन हे औषध दिलेले ससे परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करत नाहीत. ते वाचून इंग्लंडमध्ये रॉय कॅन यांनी हेच औषध मूत्रपिंडरोपण केलेल्या कुत्र्यांना देऊन पाहिले. आजच्या अवयवरोपणाची एक वाट तेथून निघाली.

१९६९ मध्ये डॅमशेक यांचे निधन झाले. त्यांच्या काळात पॉलिसायथेमियावर रक्त काढणे आणि किरणोत्सारी फॉस्फरस देणे हेच मुख्य उपाय होते. त्यांपैकी रक्त काढण्याचा उपाय आजही चालतो. जोडीला ॲस्पिरिन आणि गरजेनुसार हायड्रॉक्सियुरिया. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंगभर सुटणारी खाज हे या विकाराचे एक लक्षण. त्वचेचा त्रास समजून ती अंगावर काढली जाते. खरा धोका मेंदू, हृदय किंवा यकृताच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा असतो. साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट वारंवार जास्त येत असतील, तर पुढची चाचणी बहुधा जॅक-२ची असते. ते जॅक प्रथिन रोखणारे रुक्सोलिटिनिब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मायलोफायब्रोसिससाठी मंजूर झाले.