डॉ. केसकर आणि रेडिओवरची गाणी

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात साऱ्या देशाने रेडिओवर काय ऐकावे, हे ज्या एका माणसाने पुष्कळ अंशी ठरविले ते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे. जन्म १९०३ चा. शिक्षण काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसला. स्वातंत्र्यचळवळीत पडले, काँग्रेसचे सरचिटणीस झाले. मराठी माणूस असून लोकसभेवर निवडून गेले ते उत्तर प्रदेशातून. १९५२ साली माहिती व नभोवाणी खाते त्यांच्याकडे आले आणि १९६२ पर्यंत राहिले.

त्या वेळी संस्थाने विलीन झाली होती. दरबारी गवई-वादकांचा आश्रय सुटला होता. रेडिओनेच आता त्यांचा पोशिंदा व्हावे, असे केसकरांनी ठरविले. १९५२ मध्येच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रविशंकरांच्या हाती वाद्यवृंद दिला गेला आणि १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली. कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी ठरवू लागले, तेव्हा नावाजलेले गवईसुद्धा रागावले. (हार्मोनियमवरील बंदी मात्र उगाच त्यांच्या माथी मारली जाते. ती १९४० सालची, इंग्रजी अमलातली. केसकरांनी ती उठविली नाही, इतकेच.)

खरा वाद झाला तो सिनेमाच्या गाण्यांवरून. ही गाणी उथळ आणि पाश्चात्त्य चालींची नक्कल करणारी, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी गाण्यांचा वेळ कमी केला आणि चित्रपटाचे नाव सांगणेही बंद केले, कारण ती फुकटची जाहिरात ठरते. निर्माते चिडले व त्यांनी गाणी वाजविण्याचे परवाने काढून घेतले. थोड्याच काळात मुंबई काय, नागपूर काय, सगळ्या केंद्रांवरून सिनेमाचे गाणे जवळजवळ नाहीसे झाले.

लोकांनी काय केले? काटा फिरवून सिलोन लावले. कोलंबोला महायुद्धातले शक्तिशाली प्रक्षेपक शिल्लक होते. १९५२ च्या डिसेंबरात तेथून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती विमानाने कोलंबोला जायच्या, आणि मुंबईचेच गाणे समुद्रापलीकडून फिरून आपल्याकडे यायचे!

केसकर हटवादी होते, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. सिनेमाची जागा भरण्यासाठी केंद्रांवर सुगम संगीताला जोर दिला गेला. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि तेथूनच १९५५ च्या रामनवमीपासून गदिमा-बाबूजींचे गीतरामायण वर्षभर घराघरांत गेले. १९५६ मध्ये पुण्याहूनच खेडुतांसाठी एक प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. आमचा तेव्हाचा कुलाबा जिल्हा त्यात नव्हता. दोष काढायचा तर मी इथे काढीन. शेतीच्या बाबतीत खेडुताला विचारले गेले, मग गाण्याच्या बाबतीत का नाही? कशेळ्याच्या आसपासच्या वाड्यांत आवणीच्या वेळी बायका जी गाणी म्हणतात, त्यांना कोणती श्रेणी दिली असती? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आमच्या आवडीला वळण लावायला निघालेली शिकलेली माणसे मला परकी नाहीत, पण ऐकणाऱ्यालाही कान असतात.

अखेर सरकारलाच वळावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी कवी नरेंद्र शर्मांच्या देखरेखीखाली 'विविध भारती' सुरू झाली. सिनेमाची गाणी परत आली, तीही केसकर मंत्री असतानाच.

१९६२ च्या निवडणुकीत ते पडले. पुढे बरीच वर्षे नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष होते. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूरच्या विविध भारतीवर, सिलोनसारख्याच, साबण-टूथपेस्टच्या जाहिराती वाजू लागल्या. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९८४ मध्ये, केसकर वारले.