जेम्स मॅकेन्झी

सर जेम्स मॅकेन्झी (१२ एप्रिल, १८५३ - २६ जानेवारी, १९२५) हे स्कॉटिश कुटुंबवैद्य, हृदयविकारांचे संशोधक आणि वैद्यकीय शिक्षणाचे चिकित्सक होते. मोठ्या रुग्णालयाचा आधार नसतानाही सामान्य डॉक्टरला मूलभूत संशोधन करता येते, हे त्यांनी स्वतःच्या कार्याने सिद्ध केले.

जन्म आणि शिक्षण

मॅकेन्झी यांचा जन्म पर्थशायरमधील स्कोन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांनी प्रथम पर्थमध्ये औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली. पुढे एडिंबरा विद्यापीठातून १८७८ साली त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली.

बर्नली येथील कार्य

१८७९ साली ते लँकशायरमधील बर्नली या कापडगिरण्यांच्या गावी व्यवसायासाठी गेले. तेथे हृदयविकार असलेली एक तरुण स्त्री प्रसूतीच्या वेळी दगावली. धोक्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे कोणती, याचे उत्तर त्यांना तत्कालीन ग्रंथांत सापडले नाही. तेव्हापासून ते आपल्या रुग्णांच्या नाडीच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवू लागले.

मनगटाची नाडी आणि मानेतील शिरेचे स्पंदन एकाच वेळी कागदावर उमटवणारे पॉलिग्राफ हे यंत्र त्यांनी तयार केले. त्याची सुधारित आवृत्ती एका घड्याळजीच्या साहाय्याने सिद्ध झाली. नाडीची कोणती अनियमितता निरुपद्रवी आणि कोणती गंभीर, हे या नोंदींमुळे ओळखता येऊ लागले. त्यामुळे केवळ नाडी चुकते म्हणून अंथरुणाला खिळवून ठेवलेल्या अनेकांची भीती निराधार ठरली. १९०२ साली त्यांचा नाडीच्या अभ्यासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

लंडनमधील कारकीर्द

१९०७ साली ते लंडनला स्थायिक झाले. १९०८ साली त्यांचा हृदयरोगांवरील ग्रंथ प्रकाशित झाला. पुढे लंडन हॉस्पिटलमधील हृदयरोग विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९१५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले व त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

वैद्यकीय शिक्षणविषयक विचार

विद्यार्थी रुग्णालयात जो रोग पाहतात तो बहुधा बळावलेला असतो. त्याची सुरुवात मात्र कुटुंबवैद्याच्या दवाखान्यात दिसते, असे मॅकेन्झी यांचे प्रतिपादन होते. म्हणून एकाच रुग्णाला दीर्घकाळ पाहणाऱ्या डॉक्टरांचा अध्यापनात व संशोधनात सहभाग असावा, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः यंत्र घडवूनही, यंत्रावर विसंबून रुग्णाच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करण्यास त्यांचा विरोध होता. हे विचार त्यांनी १९१९ साली वैद्यकशास्त्राच्या भवितव्यावरील ग्रंथात मांडले.

लंडनमधील मोठ्या प्राप्तीचा व्यवसाय सोडून त्यांनी सेंट अँड्र्यूज येथे १९१९ साली संशोधन संस्था स्थापन केली. तेथे स्थानिक डॉक्टर आपल्या रुग्णांच्या आरंभीच्या लक्षणांची पद्धतशीर नोंद करून त्यांवर चर्चा करीत. मॅकेन्झी यांच्या पश्चात मात्र या संस्थेला अपेक्षित बळ लाभले नाही.

मृत्यू आणि वारसा

मॅकेन्झी यांना स्वतःला हृदयशूळाचा विकार होता. १९२३ सालच्या हृदयशूळावरील ग्रंथात त्यांनी इतर रुग्णांच्या बरोबरीने स्वतःच्या लक्षणांचाही वृत्तांत दिला आहे. मृत्यूनंतर आपल्या हृदयाची तपासणी व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. १९२५ साली लंडन येथे त्यांचे निधन झाल्यावर ती सहकाऱ्यांनी पूर्ण केली.

ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांची संस्था रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स त्यांच्या नावाने व्याख्यान आयोजित करते.